पुतण्याची स्पोर्ट्स कार आणि माझी सही

गेले दहा दिवस आमच्या घरात एका गाडीवरून कोणी कोणाशी धड बोलत नाही. गाडी अजून दारात आलेली पण नाही. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. घरातली गोष्ट चव्हाट्यावर का मांडतोस असं दादूस म्हणेलच. पण बेलपाडा काय, कोपरा काय, मुर्बी, पेठ, ओवे काय, आपल्या सगळ्या गावांत थोड्याफार फरकाने हेच चाललंय. म्हणून लिहितोय.

माझा पुतण्या २६ वर्षांचा आहे. उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे, पगार ३२ हजार. पोरगा निर्व्यसनी, कामाला चोख. वेड एकच, गाड्या. लहानपणी हायवेच्या कडेला उभा राहून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचा. आता त्याला एक गाडी सापडलीय. जर्मन, दोन सीटची, छत उघडणारी, दहा वर्षं जुनी. नवी घेतली तर कोटीच्या पुढे, ही ३५ लाखांत मिळतेय. त्याच्याकडे साठवलेले आणि मोडलेल्या एफडीचे मिळून १० लाख आहेत. बाकी २५ लाख कर्ज, फ्लॅट तारण ठेवून.

आणि इथे मी येतो. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर जी बिल्डिंग उभी राहिली, तिच्यातले आमच्या वाट्याचे दोन फ्लॅट आजही दादूसच्या, आईच्या आणि माझ्या एकत्र नावावर आहेत. माझ्या सहीशिवाय तारण होत नाही. दादूसने सही केली. आईने अंगठा दिला, नातवाला नाही म्हणणं तिला जमत नाही. कागद माझ्या टेबलाच्या खणात पडलाय.

मी लगेच नाही म्हटलं नाही. कारण हे वेड मला पण होतं. २००२ साली मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. सचिनने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द शूमाकरने ती त्याच्या हवाली केली. तो फोटो पेपरातून कापून मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला होता. त्याच सुमारास आपल्या कळंबोलीपासून पुण्यापर्यंतचा एक्सप्रेस वे पूर्ण झाला होता. मी आणि दोन मित्र एकाच स्कूटरवर कळंबोलीला जायचो आणि नाक्याच्या अलीकडे उभे राहून बोलायचो, एक दिवस इथून तसली गाडी काढायची.

मग त्या फेरारीची पुढची गोष्ट पेपरात आली. गाडी फुकट, पण भारतात आणायची तर कस्टम ड्युटी एक कोटीच्या वर. सचिनने सूट मागितली, २००३ मध्ये सरकारने ती दिली आणि गदारोळ उठला. सामान्य माणूस बाहेरून आणलेल्या टीव्हीवर ड्युटी भरतो आणि सचिनला माफी का? प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. शेवटी ड्युटी फियाटने भरली. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकून टाकली. पुढच्या वर्षी राजेश मापुसकरांचा 'फेरारी की सवारी' आला. त्यातला हिरो कोण? आरटीओतला प्रामाणिक कारकून. गंमत बघा, स्वप्नाची गाडी म्हटली की पाठोपाठ आरटीओ आलाच.

मी पत्रकार माणूस. आठ दिवस मी हीच बातमी केली. एजंट, गॅरेजवाले, इन्शुरन्सवाले, गाडीवाले, सगळ्यांशी बोललो. काय हाती लागलं ते सांगतो.

पहिलं, ही गाडी इतकी महाग का? ४० हजार डॉलरच्या वरची तयार गाडी परदेशातून आणली की २०२५ च्या अर्थसंकल्पाप्रमाणे ७० टक्के कस्टम ड्युटी आणि वर ४० टक्के सेस, म्हणजे ११० टक्के. त्यावर जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना तो ४० टक्के आहे. ढोबळ हिशोब करा. बंदरात उतरली तेव्हा एक कोटीची असलेली गाडी ड्युटी भरल्यावर २ कोटी १० लाखांची झाली. जीएसटीचे ८४ लाख धरून २ कोटी ९४ लाख. वर रोड टॅक्स. म्हणजे तीन गाड्यांचे पैसे द्यायचे आणि एक घरी न्यायची. परदेशातल्या व्हिडिओत अमुक डॉलरला मिळते म्हणून दाखवतात ना, त्याला नुसतं रुपयाने गुणून चालत नाही.

दुसरं, रोड टॅक्स. हे आपल्या सगळ्यांच्या खिशातलं आहे, म्हणून नीट वाचा. आपण लाखाची ११० सीसी स्कूटर घेतो, त्यावर महाराष्ट्रात ११ टक्के टॅक्स भरतो. म्हणजे ११ हजार. आयात केलेल्या गाडीला दर आहे २० टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण त्याला वरची मर्यादा आहे. आधी ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. ८ कोटी ८९ लाखांची लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टो घेतली तर २० टक्क्यांनी पावणेदोन कोटींच्या वर टॅक्स झाला असता. पण ३० लाखांवर मीटर थांबतो. म्हणजे साडेतीन टक्केसुद्धा नाही. स्कूटरवाली बाई ११ टक्के, लॅम्बोर्गिनीवाला साडेतीन टक्के, खड्डा मात्र दोघांना एकच. तो माणूस केंद्राला ड्युटी आणि जीएसटी भरतो, हे खरं आहे, ते नाकारत नाही. पण रस्त्याच्या नावाने जो टॅक्स आहे त्यात तरी असं उलटं गणित का, हे एखाद्या आमदाराने सभागृहात विचारावं.

तिसरं, परराज्यातलं पासिंग. पुतण्याच्या गाडीची नंबर प्लेट बाहेरच्या राज्यातली आहे. एजंट म्हणतो, "काही होत नाही साहेब, सगळे असंच चालवतात." मी मोटार वाहन कायदा काढला. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे आपल्या पनवेलला एमएच ४६ वर आणायची, एनओसी, टॅक्स, सगळं. टॅक्स किती बसेल विचारलं तर म्हणाला, "ते नंतर बघू." नंतर बघू म्हणजे काय, ते जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत दिसलं. एक लाल फेरारी एसएफ ९०, नंबर महाराष्ट्राचा, फिरत होती कर्नाटकात. तिथल्या आरटीओने पकडली आणि मालकाकडून सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये वसूल केले. त्याने भरले, त्याच्याकडे होते. आमच्याकडून कोणी पाच लाख मागितले तर दुसरा फ्लॅट काढावा लागेल.

चौथं, पोसायचा खर्च. २५ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता ५५ हजार ६११ रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज ८ लाख ३६ हजार. कळंबोलीचा एक गॅरेजवाला माझ्या ओळखीचा आहे, असल्या गाड्यांवर हात बसलेला माणूस. तो म्हणाला, काही बिघडलं नाही तर वर्षाची सर्व्हिस ७०-८० हजार, आणि दहा वर्षांच्या गाडीत काही बिघडलं नाही असं होत नाही. चार टायरचा सेट लाखाच्या वर. इन्शुरन्सवाल्याने ७५ हजार सांगितले. पेट्रोल, गावातल्या गावात लिटरला सात किलोमीटर. महिन्याला ५०० किलोमीटर फिरला तरी सात-साडेसात हजार. टायर आणि दुरुस्तीला महिन्याला १२ हजार बाजूला टाकले तर सगळं मिळून ८१ हजारांच्या आसपास जातं. आमच्या दोन फ्लॅटचं भाडं येतं ४८ हजार. त्यातून आईची औषधं, पुतणीची फार्मसीची फी आणि सोसायटीचा मेंटेनन्स जातो. पुतण्याचा अख्खा पगार भाड्यात मिळवला तरी ८० हजार होतात. म्हणजे घर बंद ठेवून गाडी चालवायची, तरी हजार कमीच.

पाचवं, चालवायची कुठे? पाम बीच रोडला वेगमर्यादा ६०. एक्सप्रेस वेला १००, घाटात ६०, वर कॅमेरे. अटल सेतूला १०० आणि एका बाजूचा टोल २५० रुपये. ताशी २५० ची गाडी आणि आमच्या वहिनीची जुनी वॅगन-आर, दोघींना कायद्याने एकच वेग. आणि तिथपर्यंत पोचायचं तर आधी बेलपाड्याच्या गल्लीतून बाहेर पडायला हवं. नियमाप्रमाणे स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, म्हणजे गाडी अलगद चढून अलगद उतरते. आपल्याकडे रात्रीतून डांबराचा बांध घालतात. त्यावर दादूसची गाडी घासते, तिथे ही जमिनीला टेकलेली गाडी काय करणार? महाग गाडी घेतली म्हणजे कटकट संपते असंही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रेमंडचे गौतम सिंघानिया याच रेव्हुएल्टोची टेस्ट ड्राइव्ह घेत होते आणि आपल्या अटल सेतूवर गाडी इलेक्ट्रिकल बिघाडाने बंद पडली. त्यांनी स्वतःच ते जाहीर लिहिलं होतं. त्यांना दुसरी गाडी न्यायला येते. आपल्याला रिक्षा पण मिळणार नाही, सेतूवर रिक्षाला बंदी आहे.

आता सहावं, ज्याने माझी झोप उडवली. इन्शुरन्सवाल्याच्या कागदावर थर्ड पार्टीचा प्रीमियम होता ७ हजार ८९७ रुपये. १५०० सीसीच्या वरच्या प्रत्येक खासगी गाडीला वर्षाला तेवढाच. इनोव्हाला पण तेवढाच, फेरारीला पण तेवढाच. मालकाच्या गाडीचा विमा गाडीच्या किमतीप्रमाणे वाढतो. समोरच्या माणसाचा विमा इंजिनच्या सीसीवर.

आणि मग पुणे आठवतं. १९ मे २०२४, कल्याणीनगर. पोर्शे टायकन, चालवणारा १७ वर्षांचा. मोटारसायकलवरचे दोघं इंजिनिअर, मध्य प्रदेशातून पुण्यात नोकरीला आलेले, दोघंही २४ वर्षांचे, जागीच संपले. त्या गाडीला नंबर नव्हता. इलेक्ट्रिक म्हणून रोड टॅक्स माफ, फक्त १ हजार ७५८ रुपये फी भरायची होती, ती मार्चपासून भरली नव्हती. कोटीच्या वरची गाडी आणि १ हजार ७५८ रुपये बाकी. बाल न्याय मंडळाने पहिल्याच दिवशी जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटून उठला. गाडीची किंमत सगळ्यांना पाठ झाली होती. त्या दोन घरांनी काय किंमत मोजली, त्याचा आकडा कुठल्या कोटेशनमध्ये येत नाही.

माझा पुतण्या तसा नाही, मला माहीत आहे. पण २६ व्या वर्षी, रात्री दोनला, रिकाम्या पाम बीचवर, पायाखाली तेवढी ताकद असताना कोण कसा असतो हे मी लिहून देऊ शकत नाही. माझी सही म्हणजे तेच लिहून देणं.

हे सगळं मी एका कागदावर मांडलं आणि गेल्या बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर त्याच्यासमोर ठेवलं. त्याने नीट वाचलं. आकडे खोटे आहेत असं म्हणाला नाही. मग जे बोलला ते जसंच्या तसं देतो.

"काका, आजोबांची जमीन गेली. त्यावर टॉवर झाले, मॉल झाले, मेट्रो आली, विमानतळ आला. या टॉवरवाल्यांच्या पार्किंगला जाऊन बघा काय काय उभं आहे. त्यांना कोण हिशोब विचारत नाही. आपला पोरगा गाडी घ्यायला निघाला की लगेच सगळ्यांना व्याजाचा दर आठवतो. आमच्याच जमिनीवरून ते झूम करून जाणार आणि आम्ही काय फक्त साईड द्यायची?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. अजूनही पूर्ण सुचलेलं नाही.

कारण तो खोटं बोलत नव्हता. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील साहेबांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के मिळाले. त्या साडेबारा टक्क्यांतून आमचे फ्लॅट आले. आमच्या बापाने ना विमानतळ पाहिला ना मेट्रो. बेलपाडा नावाचं मेट्रो स्टेशन झालं १७ नोव्हेंबर २०२३ ला, पहिल्या दिवसाच्या बातमीला मीच गेलो होतो. गावाचं नाव पाटीवर झळकलेलं बघून डोळे भरून आले, पण पाटीखाली उभे असलेल्यांत गावातले किती होते, ते मोजायला दोन हातांची बोटं पुरली असती.

पण दुसरी बाजू त्याला मी सांगितली, तीही सांगतो. आमच्याकडे तीन फ्लॅट होते. तिसरा २०११ मध्ये विकला. दादूसला मोठी एसयूव्ही हवी होती, काळी, बैलगाड्याच्या शर्यतीला घेऊन जायला. आली. पेढे वाटले, गाडीवर हार चढला, मी पण पुढच्या सीटवर बसून फोटो काढला. सहा वर्षांत ती एक तृतीयांश किमतीला गेली. तो फ्लॅट आज असता तर त्याचं भाडं दर महिन्याला आलं असतं, आणि पुतणीची फी कुठून भरायची हे कोणाला विचारावं लागलं नसतं. तेव्हा पण माझी सही लागली होती. मी ती केली होती. म्हणून मी काही साधू नाही.

रविवारी पहाटे मी त्याला उठवलं, म्हटलं चल. साडेपाचला आम्ही पाम बीचला चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. रविवारी सकाळी असल्या गाड्या तिथून निघतात, लोणावळ्याला नाश्त्याला जातात. अजून अंधार होता. पोरगा डोळे मिटून बसला आणि आवाजावरून सांगत होता, ही व्ही ८, ही व्ही १०, ही नुसता सायलेन्सर बदललेली. एकही चुकला नाही. त्याच्या तोंडावरचा आनंद बघून माझा कागद मला थोडा हलका वाटला. खरं तेच सांगतो.

एक पिवळी गाडी चहाला थांबली. मालक पन्नाशीचा, मराठी, बोलायला साधा. पुतण्याने गाडीबद्दल प्रश्न विचारले, मी पैशाबद्दल. तो म्हणाला, "रोज वापरायला दुसरी आहे. ही वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर. पावसात चार महिने बाहेरच काढत नाही, बॅटरी चार्जरला लावून ठेवतो. नावावर म्हणशील तर कंपनीच्या आहे. वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो." मग पुतण्याकडे बघून म्हणाला, "घ्यायची ना? घे. पण ही गाडी बंद पडली तर ज्या दिवशी तुझ्या घरात काही फरक पडणार नाही, त्या दिवशी घे."

परत येताना तो बराच वेळ काही बोलला नाही. सानपाड्याला सिग्नल लागला तेव्हा एवढंच विचारलं, "काका, घसारा म्हणजे काय?" मी सांगितलं, गाडीची किंमत दरवर्षी जेवढी उतरते असं धरतात, तेवढी रक्कम धंद्याच्या नफ्यातून वजा करून टॅक्स लावतात. "म्हणजे त्यांच्या गाडीचा टॅक्समध्ये फायदा, आणि आपला फ्लॅट गहाण." मी म्हटलं, हो, असंच आहे.

मी सही केलेली नाही. करणार पण नाही, हे त्याला तोंडावर सांगितलं. त्याऐवजी एक सांगितलं, दहा लाख तुझे आहेत, त्यांना हात लावू नकोस. यार्डात सुपरवायझर आहेस, वर्ष-दोन वर्षांनी स्वतःचा एक ट्रेलर टाकायचा असेल तर त्या कागदावर मी डोळे झाकून सही करीन. विमानतळ आणि बंदर दोन्ही आपल्या उंबऱ्यावर आहेत. आणि तू त्यातून कमावून पुढे कधी ती गाडी घेतलीस, तर पहिली चक्कर माझ्यासोबत, गावाच्या देवळापासून.

दादूस अजून रागात आहे. वहिनीने मात्र काल गुपचूप भाकरीसोबत सुकटीची चटणी जास्त वाढली, त्यावरून तिचं मत मला कळलं. पुतण्या चार दिवस गप्प होता. आज सकाळी त्याचा व्हॉट्सॲप आला. त्याच गाडीच्या जाहिरातीचा फोटो, खाली एकच ओळ, "काका, दोन लाख उतरले."

मी लिहिलं, "अजून उतरेल."

तुमच्या घरात अशी सही मागितली गेली असेल, तुम्ही केली असेल किंवा नसेल, तर पुढे काय झालं ते जरूर लिहा. नाव नका देऊ. आमच्या गावातले बरेच पोरगे ही पोस्ट वाचणार आहेत, माझ्या पुतण्यासकट.